भगवंत सरांच्या कॉम्प्युटरची लागण

पैज लागली लंकाबाईच्या टपरीवर, आन् ती लागायला कारण भगवंत. त्याला 'सर' म्हणायचं. नुसतं भगवंता म्हणलं तर मान वळवत न्हाई. पुण्यात एक पावसाळा काढून कसलातरी कोर्स करून आला आन् कळंबात हायवेला गाळा घेऊन बसला. बाहेर बोर्ड, 'भगवंत कॉम्प्युटर्स'. आत कॉम्प्युटर एकच. त्याला मखमलीची झूल, वर दसऱ्याचं कुंकू. चपला बाहेर काढायच्या. शिंक आली तर रस्त्यावर जाऊन शिंकायची. एकदा माझ्या पायाला चिखल व्हता म्हणून मला उंबऱ्यावरच उभं केलं आन् वर म्हणला, "जयवंतभाऊ, धूळ गेली की प्रोसेसर जातो." ह्याचा प्रोसेसर कुणी चिमटीत धरून न्यायच्या लायकीचा न्हाई, पण मी गप बसलो. असल्या माणसाचा हिशेब सावकाश करायचा असतो.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. तुळशीची लग्नं उरकली व्हती, माझ्या मंडप-स्पीकरच्या धंद्याला बरकत आली व्हती. सकाळी मी लंकाबाईच्या बाकड्यावर च्या पीत बसलो व्हतो तर भगवंत आला. तोंड असं, जसं घरातलं कुणीतरी ॲडमिट केलंय.

"काय झालं, सर?" लंकाबाईनं विचारलं.

"व्हायरस," भगवंत म्हणला.

"म्हंजी काय?"

"सिस्टीम पूर्ण डेड आहे. चालू केली की नुसतं टूं टूं करते. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येतात आणि तिथेच थांबते. माऊस हलत नाही, काही नाही. क्लिअर व्हायरस."

"अक्षरं काय हायेत?" मी विचारलं.

"इंग्लिश आहेत."

"ते कळलं. लिवलंय काय?"

"जयवंतभाऊ, व्हायरसनं लिहिलेलं वाचायचं नसतं."

म्हंजी ह्यानं वाचलंच नव्हतं. पाटीवर 'इंग्लिश स्पीकिंग' पण लिवलंय ह्याच्या.

"आला कुठनं हा?" लंकाबाई म्हणली.

"पुण्याहून. फ्लॉपीतून येतो. गुरांमध्ये लागण कशी पसरते, एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात? डिट्टो तसा. एकदा आत शिरला की आतल्या फाइली खात सुटतो."

"मग गुरांच्या दवाखान्यात न्या की," मी म्हणलो.

टपरीवरची सगळी माणसं हसली. एकजण तर बशीत शिंकला. भगवंताचे कान लाल झाले, आन् त्याचे कान लाल झाले की मला दिवस चांगला जाणार हे कळतं.

"तुला काय कळतं रे, स्पीकरवाल्या?" सरांचं पुणं उतरलं. "लाव पैज. व्हायरस निघाला तर बाजारच्या दिवशी तू माझा कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन गुरांच्या दवाखान्याच्या लायनीत उभं राहायचं. नंबर येईपर्यंत."

"आन् न्हाई निघाला तर तुमी."

"चालेल."

"मी साक्षीला," लंकाबाई म्हणली. "आता च्या प्या, निवला."

खरं सांगायचं तर कॉम्प्युटरातलं मला ओ का ठो कळत न्हाई. तो 'आहे' म्हणला म्हणून मी 'न्हाई' म्हणलो. तो सूर्य उगवला म्हणला असता तरी मी पैज लावली असती.

पण तेवढ्यात अंजनावहिनी आल्या आन् गंमत जरा आंबली. अंजनावहिनी आमच्या शेजारच्या आळीतल्या. नवरा भोसरीला कंपनीत, रविवारचा पावणा. पोरगी वृषाली, तिचं लग्न ठरलेलं, आन् त्या लग्नाची पत्रिका भगवंताच्या त्या कॉम्प्युटरात.

आता परगावच्या माणसाला पत्रिका म्हंजी एक कागद वाटंल. आमच्याकडं पत्रिका म्हंजी इलेक्शन. 'आपले विनीत', 'कार्यवाहक', 'व्यवस्थापक', 'प्रेषक', आन् खाली सगळी भावकी. ज्यानं आयुष्यात सतरंजी उचलली न्हाई तो व्यवस्थापक. चुलत्याचं नाव मामाच्या वर आलं तर मामा रुसतो, मामाचं वर आलं तर आख्खी भावकी. एकाच्या नावापुढं 'प्रगतशील शेतकरी' लागलं म्हणून दुसऱ्यानं 'आदर्श' मागितलं. हा 'आदर्श' दिवसभर पत्त्यांच्या अड्ड्यावर पडलेला असतो. ह्या सगळ्यांना रांगेत बसवता बसवता अंजनावहिनींच्या चपला झिजल्या. शेवटी आदल्या सांजेला दोन्हीकडची माणसं भगवंताच्या गाळ्यात जमली, पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव कबूल केलं, आन् भगवंतानं ते आत साठवलं. प्रिंटरची शाई संपली व्हती म्हणून कागद निघाला न्हाई. आधीचे कच्चे कागद बरेच फिरत व्हते, पण ज्याच्याकडं जो कागद, त्यात त्याचंच नाव वर. सगळ्यांना मान्य झालेली पत्रिका फक्त त्या डबड्यात.

"सर, यंत्र बंद हाय म्हणत्यात," वहिनी म्हणल्या. "नावं हायेत ना आत?"

"वहिनी, फॉर्मॅट मारावा लागेल."

"त्यानं नावं निघतील?"

"त्यानं सगळंच निघेल. सगळं साफ. मग नवीन टाइप करू."

वहिनी लंकाबाईच्या बाकड्यावर बसल्या. 'नवीन टाइप करू' हे भगवंत असं म्हणला, जसं वांगी संपली तर भेंडी करू.

वहिनींना भ्या कशाचं व्हतं ते सगळ्या टपरीला ठावं व्हतं. गेणभाऊचं. गेणभाऊ म्हंजी नवऱ्या मुलाचा मामा, अवसरीचा. ह्याला नवऱ्याला आपल्या मेव्हणीची पोरगी द्यायची व्हती आन् ते जमलं न्हाई. तवापासनं हा माणूस हे लग्न मोडायला खुसपट हुडकत फिरतोय. साखरपुड्याला लाइट गेली तर म्हणला, लक्षण बरं न्हाई. लाइट आख्ख्या गावाची गेली व्हती. नावांचं भांडण परत निघालं असतं तर त्याला आयतंच ताट वाढल्यागत झालं असतं.

आन् असल्या माणसाला वास बरोबर लागतो. दहाच्या येष्टीनं गेणभाऊ हजर. टोपी कडक, मिशीला तेल.

"काय म्हणतीया पत्रिका?" तो वहिनींना म्हणला. "बंद पडली म्हणं."

"पत्रिका न्हाई, यंत्र बंद पडलंय, मामा."

"पत्रिका यंत्रातच हाय ना? मग." आन् भगवंताच्या गाळ्यातल्या एकुलत्या एक फिरत्या खुर्चीत जाऊन बसला. "माझ्यासमोर काय ते व्हऊ द्या. दोष कुणाचा हाय ते कळलं पायजे."

भगवंताकडं फॉर्मॅटची सीडी नव्हती. ती मंचरला मित्राकडं. 'कुणी हात लावू नका' असं आमाला सगळ्यांना बजावून, तोंडाला रुमाल बांधून तो स्कूटरवर गेला. कॉम्प्युटर तसाच टूं टूं करत ठेवला. म्हणला, बंद केला तर व्हायरस आणखी आत जाईल.

आता एवढी संधी मी सोडतो व्हय. लंकाबाईच्या टपरीवर लिंबू-मिरची टांगलेली व्हती, ती काढून घेतली. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास न्हाई, पण भगवंताचा हाय. मनात म्हणलं, ही त्या पडद्याला टांगायची, सर मंचरवरनं येतील, चपला काढून आत येतील, आन् आपल्या विज्ञानाच्या नाकावर लिंबू बघतील. मग मी विचारणार, "सर, उतरला का?"

आत गेलो. गेणभाऊ खुर्चीत गोल फिरत व्हता, लहान पोरासारखा. वहिनी कोपऱ्यात उभ्या. पडद्यापुढं लिंबाला जागा करायला मी ते बटणांचं फळकूट उचललं आन् उभं केलं.

त्यातनं काहीतरी गळलं. हातावर घेतलं. तांदूळ. चार-सहा दाणे, लाल कुंकवाचे. अक्षदा.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडात धरला व्हता. तेवढ्यावर मला सगळं कळलं. पयली पत्रिका आमच्या भागात लेण्याद्रीच्या गणपतीला जाती. कागद निघाला न्हाई, पण नावं तर जमली, सगळं निर्विघ्न झालं, म्हणून ह्या बाईनं सांजेला सगळ्यांच्या मागं थांबून त्या यंत्रालाच हात जोडले असणार आन् वरनं अक्षदा टाकल्या असणार. त्या गेल्या बटणांच्या फटीत. एक बटण अडकलं, आन् यंत्र रात्री बंद केलेलं ते सकाळी उठंना. टूं टूं म्हणून सांगत व्हतं बिचारं, माझ्या अंगावर कुणीतरी बोट दाबून धरलंय म्हणून. सर म्हणले, व्हायरस.

म्हंजी मी पैज जिंकलो व्हतो. तळहातावर जिंकलेली पैज घेऊन उभा व्हतो.

"काय पडलं रं?" गेणभाऊ म्हणला. खुर्ची थांबली.

बघा आता. ह्या माणसाला नुसतं कळायचा अवकाश की नवरीच्या आईच्या हातच्या अक्षदा पडल्या आन् पत्रिका जागच्या जागी बंद पडली. अवसरीला पोचायच्या आत त्यानं वाटेत प्रत्येक थांब्यावर सांगितलं असतं. आन् लोकं काय, असल्या गोष्टीला कान देऊन बसलेलीच असत्यात. वृषालीचं लग्न गेलंच समजा, आन् पुढं जिथं स्थळ बघतील तिथं ही गोष्ट आधी पोचणार.

"काय न्हाई, मामा. बडीशेप," मी म्हणलो आन् दाणे तोंडात टाकले.

"कॉम्प्युटरात बडीशेप?"

"सर जेवल्यावर खात असत्यात."

आमच्या घरच्या लग्नात अक्षदा न्हाईत, फुलं टाकत्यात, त्यामुळं कुंकवाच्या कच्च्या तांदळाची चव मला पयल्यांदाच कळली. वाईट असती. चावताना असा आवाज झाला की गेणभाऊ माझ्या जबड्याकडंच बघत राहिला.

"मला पण दे थोडी."

"संपली, मामा."

गडबडीत ते फळकूट खाली ठेवलं ते जरा आपटूनच, आन् माझा आख्खा पंजा बटणांवर पडला. टूं टूं थांबलं. डबड्यात घर्र झालं, अक्षरं भराभर वर पळाली, आन् पडद्यावर निळं आभाळ आलं, पांढरे ढग. वहिनींनी हात जोडायला उचलले, मग काय आठवलं कुणास ठाऊक, परत खाली घेतले.

"चालू झालं?" गेणभाऊच्या आवाजात एवढं दुःख मी मयतीलाही ऐकलं न्हाई. "काय केलंस तू?"

मी उत्तर द्यायच्या आत स्कूटर वाजली. भगवंत सीडी घेऊन आत आला, रुमाल तसाच तोंडाला. पडदा बघून थबकला.

"कोणी हात लावला?"

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. व्हायरस न्हाई म्हणलो तर पुढचा प्रश्न हाच येणार की मग काय व्हतं. भगवंताचा प्रश्न टोलवला असता, पण गेणभाऊ त्या प्रश्नावर तंबू ठोकून बसला असता.

"सर, तुमीच बरोबर," मी म्हणलो. "व्हायरसच व्हता. तुमी सीडी आणायला गेलात हे त्याला कळलं आन् तो घाबरून मागं सरला. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. पैज हरलो."

दुसऱ्या कुणाला हे पटलं नसतं. भगवंताला लगेच पटलं. रुमाल काढला, छाती फुगवली.

"होतं असं. पुण्यात पण एकदा झालं होतं," म्हणला. "पण तो आत लपलेला असणार. मी फॉर्मॅट मारून टाकतो, मुळापासून."

वहिनींचा रंग परत उडाला.

"मारा की," मी म्हणलो. "म्हंजी व्हायरस मेला. मग बाजारच्या दिवशी मी दवाखान्यात काय नेऊ, निरोगी कॉम्प्युटर? पैज कशी फिटायची? लोकं म्हणतील, सरांनी घाईघाईत पुरावा मारला. न्हाई, सर, मला त्याच्यासकट डोक्यावर घेऊ द्या."

तो विचार करायला लागला. त्याला विचार करताना बघणं म्हंजी बैलगाडी चढाला लागल्यागत. एकीकडं फॉर्मॅट, दुसरीकडं जयवंत भर बाजारात डोक्यावर डबडं घेऊन.

"ठीक आहे," तो म्हणला. "राहू दे आत."

"तोवर तो मागं सरलाय तर वहिनींची पत्रिका काढून घ्या."

शाई लंकाबाईच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडनं उसनी आली. पत्रिका निघाली, जशी ठरली व्हती तशी. गेणभाऊनं वरनं खाली, खालनं वर वाचली. त्याचं नाव बरोबर जागी व्हतं, त्याचंच त्याला वाईट वाटलं. त्याच दिवशी कागद छापखान्यात गेला. वाटेत वहिनी मला एवढंच म्हणल्या, "भाऊ, मी काय केलं व्हतं ते तुमाला..."

"काय केलं व्हतं?" मी म्हणलो. "मी बडीशेप खाल्ली." आन् सटकलो. रडारड मला जमत न्हाई.

बाजारचा दिवस उजाडला. पैज हरलो तर हरलो, पण फेडायची कशी हे हरणाऱ्याच्या हातात असतं, एवढं त्या पुणेरी कोर्समध्ये शिकवलेलं दिसत न्हाई.

डबडं पाटीत ठेवलं, त्यावर गोधडी टाकली, आजारी वासराला टाकत्यात तशी. पाटी डोक्यावर. मागनं भगवंत सफारी घालून, गॉगल लावून, लोकांना हात करत. त्याला वाटलं वरात त्याची हाय.

"काय रं हे, जयवंता?" पयल्या वळणावर साळुबाई भेटली. तिच्या पोराचं लग्न पुढच्या तिथीला.

"भगवंत सरांचा कॉम्प्युटर. लागण झालीय."

"कसली?"

"नावं खाणारी. पत्रिकेतली नावं खाती. सर स्वतः म्हणले, एकदा आत शिरली की खात सुटती. सर, बरोबर ना?"

"बरोबर," भगवंत गॉगलातनं हसला. "खतरनाक असतो."

साळुबाई जागेवर थांबली. "आमची पत्रिका त्याच्यातच हाय. माझ्या दिराचं नाव खाल्लं तर तो मांडवात पाय ठेवंल का?"

"दीर ठीक हाय," मी म्हणलो. "समजा व्याह्याचं खाल्लं तर."

ती वळलीच. मटकीवालीच्या पुढ्यात उभं राहून तिनं तीन बायकांना सांगितलं, त्यांनी बाजाराला सांगितलं. मी मुद्दाम सावकाश चालत व्हतो. प्रत्येक दुकानापुढं थांबायचं, पाटी सावरायची, आन् कुणी विचारायच्या आत सांगायचं. "पत्रिका टाकली असंल तर काढून घ्या. बारशाची असली तरी. बाळाचंच नाव खाईल." दवाखाना येईपर्यंत भगवंत हात करायचा थांबला व्हता. एकजण त्याला वाटेतच म्हणून गेला, "सर, आमचं मॅटर परत द्या, आमी मंचरला करतो."

"जयवंतभाऊ, जरा हळू बोला," भगवंत माझ्या कानाशी आला.

"सर, पैज म्हंजी पैज. मी मोकळ्या मनानं फेडतोय."

लायनीत पुढं एक म्हैस, मग दोन शेळ्या, मग एक कालवड. मग मी. बाजार सोडून लोकं तिथंच जमली. लंकाबाई टपरी बंद करून आली व्हती. गेणभाऊ छापखान्यातनं आपल्या वाटणीच्या पत्रिका न्यायला आला व्हता, गठ्ठा काखेत घेऊन उभा राहिला. अंजनावहिनी भाजीची पिशवी घेऊन मागं. नंबर आला तसं डॉक्टरांनी गोधडी उचलली. बारीक चणीचा माणूस, तोंडावरची रेघ हलत न्हाई त्यांच्या.

"जनावर कुणाचं?"

"भगवंत सरांचं."

"काय होतंय?"

"लागण हाय, साहेब. पुण्यावरनं आलीय."

डॉक्टरांनी फ्लॉपीच्या फटीत बॅटरी मारली. "तोंड हे का?"

"तेच. त्यातनंच आत गेली."

"दुसऱ्यांना पसरेल?"

"ते सरांना विचारा. निदान त्यांचं हाय."

सगळी गर्दी भगवंताकडं वळली. डॉक्टर म्हणले, "सर, स्पष्ट सांगा. लागण असेल तर मला वर कळवायला लागेल. तुमचा गोठा बंद ठेवावा लागेल, नवीन जनावर आत घ्यायचं नाही, जुनं बाहेर काढायचं नाही."

भगवंतानं गॉगल काढला. साळुबाई पुढंच उभी, हात पसरून, पत्रिकेचा कागद मागत. तिच्यामागं आणखी दोघंतिघं.

"तसं बघितलं तर," तो म्हणला, "व्हायरस नव्हता."

"मोठ्यानं बोला, सर," डॉक्टर म्हणले. "म्हैस ओरडतीये."

"नव्हता व्हायरस. नव्हताच."

आन् गेणभाऊनं काखेतला गठ्ठा खाली ठेवला. "नव्हता? मग यंत्र बंद कशानं पडलं व्हतं?"

माझ्या डोक्यावर तेवढं वजन, पण घाम फुटला तो तवा फुटला. वहिनींच्या हातातली पिशवी कलली, एक कांदा घरंगळत शेळीकडं गेला. भगवंतानं ह्याच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. त्याला खरं कारण ठाऊकच नव्हतं, आन् पुढ्यात गिऱ्हाईक निघून चाललं व्हतं.

"वायर," तो म्हणला. "वायर ढिली झाली होती. माझाच पाय लागला असणार."

"तुमचाच?" गेणभाऊ म्हणला. "पोरीकडच्या कुणाचा न्हाई?"

"माझाच, मामा. त्यांना मी वायरीजवळ येऊ तरी देतो का? चपला बाहेर काढायला लावतो मी."

गेणभाऊनं गठ्ठा उचलला. अवसरीला न्यायला त्याच्यापाशी आता पत्रिकाच तेवढ्या उरल्या.

लंकाबाई पुढं आली. "व्हायरस नव्हता म्हंजी पैज जयवंतानं जिंकली. सगळ्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं," साळुबाई म्हणली.

मी पाटी उतरवली, चुंबळ काढून नीट भगवंताच्या डोक्यावर ठेवली आन् पाटी वर चढवली. सफारीचा खांदा उसवला. तो म्हणला, "आता डॉक्टरांनी बघितलंच आहे ना, नंबर होऊन गेला."

"तो माझा नंबर व्हता, सर," मी म्हणलो. "तुमचा मागनं."

लायनीत आता शेवटाला एक बोकड व्हता, त्याच्या मालकाच्या हातात दोरी आन् तोंडात विडी. भगवंत त्याच्यामागं जाऊन उभा राहिला. गोधडी त्याच्या डोळ्यांवर आली व्हती आन् दोन्ही हात पाटीला, त्यामुळं ती सारता येईना. बोकडानं वळून त्याची सफारी हुंगली.

"पुढचं जनावर," आतनं डॉक्टर म्हणले, आन् लाईन एक पाऊल पुढं सरकली. सर पण सरकले.